अ‍ॅप बदलू नकोस, खोट्या तारखा काढ

पत्र: "ताई, दीड वर्षापूर्वी जीटीडी, म्हणजे 'गेटिंग थिंग्ज डन' या कामं लिहून पार पाडायच्या पद्धतीबद्दल ऐकलं आणि वाटलं हेच आपल्याला हवं होतं. तेव्हापासून हे माझं तिसरं टास्क अ‍ॅप. आत्ता त्यात ४१२ टास्क आहेत, त्यातल्या १६७ लाल, म्हणजे तारीख उलटून गेलेल्या. रोज सकाळी सगळ्या सिलेक्ट करून 'आज'वर ढकलतो, दुसऱ्या दिवशी परत तेच. २८ लेबलं केलीयत, चार प्रायोरिटी, प्रत्येक प्रोजेक्टला रंग, रविवारचे दोन तास ते नीट लावण्यात जातात. दोन मिनिटांत होणारं काम लगेच उरकायचा नियमही दिवसभर पाळतो. तरी गेल्या आठवड्यात एका सहकाऱ्याला कबूल केलेला रिपोर्ट राहिलाच, तो बिचारा तीन दिवस अडकून बसला, आणि ताई, तो रिपोर्ट अ‍ॅपमध्ये होता! स्क्रीनशॉट जोडलाय. माझं अ‍ॅप चुकलंय का? पैसे भरून प्रीमियम घेऊ का? ऑफिसचं सॉफ्टवेअर वेगळं आहे, तेही यात जोडू का? की ही पद्धत माझ्यासारख्या माणसासाठी नाहीच?"

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच जागी थांबले, 'तो रिपोर्ट अ‍ॅपमध्ये होता'. बाकी सगळं सोड, तुझं खरं दुखणं तिथे आहे. लिहून ठेवायला विसरला असतास तर गोष्ट वेगळी होती, पण तू लिहिलंस, तारीख घातलीस, प्रायोरिटी लावलीस आणि तरी ते निसटलं, म्हणून तुला आता स्वतःवरच शंका यायला लागलीय. ती घेऊ नकोस. तू आळशी नाहीस आणि विसराळू पण नाहीस, दीड वर्ष कोणी आळशी माणूस ४१२ टास्क लिहीत बसत नाही.

झालंय काय ते सांगते. त्या दिवशी सकाळी तू नेहमीसारखं सगळं 'आज'वर ढकललंस, म्हणजे दीडशेच्या वर टास्कवर 'आज' लिहिलेलं होतं, आणि त्यात एकच टास्क असं होतं जे खरंच आज होणं गरजेचं होतं. बाकीच्यांच्या तारखा तू मनाने घातलेल्या. अ‍ॅपला खरी तारीख आणि मनाने घातलेली तारीख यातला फरक कळायचं काही कारण नाही, ते सगळ्यांना एकाच लाल रंगात दाखवणार, आणि आपल्याकडे म्हणतातच ना, रोज मरे त्याला कोण रडे. तुझ्या डोळ्यांनी लाल रंग बघायचा सोडून दिलाय. खोट्या तारखांच्या ढिगाखाली एक खरी तारीख गाडली गेली, एवढंच झालंय आणि हे दुरुस्त होतं.

अ‍ॅपचं आधी उरकून टाकते कारण तो तुझा पहिला प्रश्न आहे आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा. अ‍ॅप चुकलेलं नाही. ही पद्धत डेव्हिड अ‍ॅलन यांनी २००१ साली पुस्तकातून मांडली तेव्हा लोकांच्या खिशात स्मार्टफोन नव्हते, त्यात पुढच्या गोष्टी आठवणीत आणून द्यायला चक्क ४३ फोल्डर होते, महिन्याच्या ३१ दिवसांचे ३१ आणि वर्षाचे १२, आणि ते कागदाचे फोल्डर रोज एक उघडून लोकांचं व्यवस्थित चालायचं. अ‍ॅप येतात आणि जातात पण. वंडरलिस्ट आठवतंय का, किती लोकांचा जीव होता त्यावर, २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतलं आणि २०२० मध्ये बंद झालं. त्यातले ज्यांना पद्धत कळली होती ते दुसरीकडे जाऊन आठवड्यात स्थिरावले. तेव्हा चौथं अ‍ॅप शोधू नकोस. नवीन अ‍ॅपमध्ये गेल्यावर जे हलकं वाटतं ना पहिले पंधरा दिवस, ते अ‍ॅपमुळे नसतं, जुन्या लाल टास्क मागे राहिलेल्या असतात म्हणून असतं. ते हलकं वाटणं तुला इथेच मिळू शकतं.

आता स्क्रीनशॉटकडे येऊया, कारण माझ्या मते सगळं उत्तर त्यातच आहे. वरून चौथी ओळ. 'आईचे डोळे'. प्रायोरिटी एक, ४३ वेळा पुढे ढकललेली.

ही ओळ बघून मला वाईट वाटलं, कारण मला माहितीये तुला रोज ती दिसत असणार आणि रोज आत कुठेतरी टोचत असणार, आणि तरी ४३ वेळा तू ती पुढे ढकललीस. आईची काळजी नाही म्हणून का? उलट आहे. 'आईचे डोळे' हे काम नाहीये रे, ती काळजी आहे, आणि काळजी कितीही वेळा लिहिली तरी ती करता येत नाही. त्या दोन शब्दांच्या आत किती काय काय दडलंय बघ. डॉक्टर कोणते, जुनेच की नवीन. मागच्या तपासणीचा कागद कुठे आहे. आई तयार आहे का, की परत 'मला काही झालेलं नाही' म्हणणार. कोणत्या दिवशी सुट्टी मिळेल. डोळ्यात औषध घालून तपासलं तर काही तास अंधुक दिसतं, मग परत आणायला बरोबर कोण असेल. तू दिवसाच्या गडबडीत दहा सेकंद त्या ओळीकडे बघतोस, मेंदू हे सगळं एका झटक्यात बघतो आणि म्हणतो आत्ता नको, आणि बोट आपोआप 'उद्या'वर जातं. भिजत घोंगडं यालाच म्हणतात.

आता तीच ओळ अशी लिही: 'आईला फोन करून विचारणे, मागच्या वेळचा चष्म्याचा नंबर लिहिलेला कागद कुठे ठेवलाय'. बस. हे काम तू जिन्यातून खाली उतरताना करू शकतोस. आई म्हणेल कपाटात आहे. मग ती ओळ टिक करायची आणि पुढची लिहायची, 'त्या कागदावरच्या नंबरला फोन करून शनिवारची वेळ घेणे'. वेळ मिळाली की ती कॅलेंडरमध्ये, कारण आता ती खरी तारीख आहे, कोणीतरी तिथे तुमची वाट बघणार आहे. जीटीडीत याला नेक्स्ट अ‍ॅक्शन म्हणतात, पुढचं एकच पाऊल, आणि ते इतकं नेमकं लिहायचं की वाचल्यावर परत विचार करायला लागू नये. क्रियापद हवंच. फोन करणे, विचारणे, शोधणे, मेल पाठवणे, छापून घेणे. तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये मी २३ ओळी मोजल्या, त्यातल्या १९ मध्ये क्रियापदच नाहीये. 'विमा'. 'प्रेझेंटेशन'. 'पासपोर्ट'. 'गॅलरीतला नळ'. आणि एक होती 'इंग्रजी सुधारणे', त्यात क्रियापद आहे पण त्याने काही फरक पडत नाही, मंगळवारी दुपारी चार वाजता इंग्रजी कोण आणि कसं सुधारणार सांग बघू.

आणि मूळ गोष्ट, 'आईची डोळे तपासणी आणि नवीन चष्मा', ती प्रोजेक्टच्या यादीत राहील. अ‍ॅलन यांच्या हिशोबाने एकापेक्षा जास्त पावलं लागतात ते सगळं प्रोजेक्टच, मग ते घर बांधणं असो की नळ बदलणं. प्रोजेक्टच्या यादीतून काम करायचं नसतं, ती आठवड्यातून एकदा वाचायची असते, काही राहिलं तर नाही ना एवढ्यासाठी. तू मात्र रोज सकाळी प्रोजेक्टच उघडून बसतोस, म्हणून दम लागतो.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून बघितलं होतं की अपुरं राहिलेलं काम डोक्यात मध्ये मध्ये घुसतं आणि हातातल्या कामात अडथळा आणतं, पण लोकांना त्या कामाची नेमकी योजना लिहायला लावली की ते घुसणं थांबतं, काम अजून झालेलं नसलं तरी. मला ही गोष्ट फार दिलासा देणारी वाटते. म्हणजे रात्री झोप लागायला ४१२ कामं संपायची गरज नाहीये, त्यांचं पुढचं पाऊल ठरलेलं असलं तरी बऱ्यापैकी भागतं.

आता तारखा. नियम एकच ठेव आणि तो कडक पाळ: त्या दिवसानंतर ते काम केलं तर कोणाचं तरी नुकसान होईल किंवा कामच बाद होईल, तरच तारीख. सहकाऱ्याचा रिपोर्ट, तारीख. विम्याचा हप्ता, तारीख. नळ? नळ गळत असेल तर तारखेची वाट न बघता आजच प्लंबरला फोन कर, आणि नुसता घट्ट फिरत असेल तर तारीख नाही. 'मला हे गुरुवारी करावंसं वाटतंय' ही तारीख नव्हे, ती इच्छा झाली, आणि इच्छा तारखेच्या खान्यात टाकली की गुरुवारी दुसरं काहीतरी येतं आणि शुक्रवारी ती लाल होते.

पासपोर्टचं उदाहरण घेऊ कारण त्यात लोक हमखास फसतात. मुदत संपायची तारीख ही खरी तारीख, बरोबर, पण अनेक देश पासपोर्ट अजून किमान सहा महिने चालणारा असेल तरच आत घेतात, म्हणजे तुझी खरी मुदत छापलेल्या तारखेच्या सहा महिने आधीच संपली. मग त्याच्याही दोन-तीन महिने आधी कामाला लागायला हवं, आणि तोपर्यंत ते टास्क डोळ्यासमोर असायची काही गरज नाही. इथे अ‍ॅप कागदापेक्षा खरंच भारी ठरतं. ऑम्निफोकस अ‍ॅपमध्ये 'डिफर' तारीख असते, ती येईपर्यंत टास्क मागे राहतं. थिंग्ज नावाच्या अ‍ॅपमध्ये 'कधी करायला घेऊ' आणि 'डेडलाइन' असे दोन वेगळे खाने आहेत. तुझ्या अ‍ॅपमध्ये असं काही नसेल तर सरळ कॅलेंडरमध्ये त्या दिवशी एक ओळ टाक, 'पासपोर्टचं काम सुरू करणे', आणि टास्क अ‍ॅपमधून काढून टाक. ४३ फोल्डर नेमकं हेच काम करायचे.

रोजच्या सवयींबद्दल पण बोलायला हवं, तुझ्या लाल टास्कमध्ये 'व्यायाम', 'वाचन', 'पाणी' असं बरंच दिसतंय. ते सगळं या यादीतून बाहेर काढ. व्यायाम चुकला तर तो दुसऱ्या दिवशी थकबाकी म्हणून दुप्पट होत नाही, मग त्याने लाल होऊन तुझ्याकडे का बघावं? सवयींसाठी वेगळं अ‍ॅप घे नाहीतर भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुल्या मार. आणि जी कामं दर काही दिवसांनी खरंच परत येतात, पाण्याचा फिल्टर साफ करणं वगैरे, त्यांचा पुढचा दिवस ठरलेल्या तारखेपासून न मोजता काम झाल्या दिवसापासून मोजायला लाव. टुडूइस्टमध्ये 'एव्हरी' या शब्दाला उद्गारचिन्ह जोडलं की तसं होतं, बऱ्याच अ‍ॅपमध्ये सेटिंग असतं. छोटी गोष्ट आहे पण कामाला उशीर झाला की पुढची फेरी लगेच येऊन उभी राहते ना, ते थांबतं.

२८ लेबलं! मी समजू शकते कसं झालं असेल, लेबल बनवताना काम केल्यासारखं वाटतं. पण आधी कळस मग पाया झालाय हा. लेबल, म्हणजे मूळ पद्धतीतले काँटेक्स्ट, ते एकाच प्रश्नासाठी होते: मी आत्ता इथे आहे, माझ्याकडे हे साधन आहे, तर काय करता येईल? २००१ मध्ये 'फोन', 'कॉम्प्युटर', 'ऑफिस' असं वेगळं काढण्यात अर्थ होता कारण फोन एका जागी असायचा आणि कॉम्प्युटर दुसऱ्या. आता सगळं एकाच डबीत, सगळीकडे. म्हणून लेबल कमी कर आणि तुला जिथे खरंच अडतं तिथलीच ठेव. मी स्वतः गेली अकरा वर्षं ही पद्धत वापरतेय आणि माझ्याकडे आज पाचच आहेत: घरी, बाहेर, फोन, शांतपणे करायचं आणि दमलेली असताना करता येईल असं. शेवटचं सगळ्यात उपयोगी पडतं. संध्याकाळी सहा वाजता डोकं चालत नसतं तेव्हा मी फक्त ती यादी उघडते, त्यात फाइलींना नावं देणं, बिलं एका जागी लावणं असलं काहीतरी असतं, आणि दिवस वाया गेला असं वाटत नाही. प्रायोरिटी चारही बंद कर, निदान तीन महिने. अ‍ॅलन यांनी पण कामाची निवड करताना आधी जागा आणि साधन, मग हातात असलेला वेळ, मग अंगातली ताकद आणि मग महत्त्व असा क्रम दिलाय, आणि त्याला कारण आहे, महत्त्वाचं काम पाच मिनिटांच्या फटीत होत नसेल तर ते महत्त्वाचं आहे हे परत परत वाचून काय होणार.

लेबलांपेक्षा दोन याद्या कर ज्या तुझ्याकडे नाहीतच. एक 'वाट बघतोय', ज्यात दुसऱ्याकडे अडकलेली कामं, कोणाकडे आणि कोणत्या तारखेला सांगितलं ते लिहून. तुझा सहकारी तीन दिवस गप्प बसून राहिला ना, त्याच्याकडे अशी यादी असती तर त्याने दुसऱ्याच दिवशी तुला विचारलं असतं. आणि दुसरी 'कधीतरी'. इंग्रजी, फोटो लावणे, गिटार, ते सगळं तिथे. ती यादी म्हणजे हार मानणं नाही, उलट तिथे टाकल्यावर स्वप्नाला स्वप्न म्हणून जागा मिळते, रोज सकाळी कर्जासारखं समोर येत नाही. मन झालं की त्यातलं एखादं उचलायचं आणि त्याचं पुढचं पाऊल लिहायचं.

दोन मिनिटांचा नियम तू वापरतोयस असं लिहिलंयस, दोन मिनिटांत होणारं काम लगेच करायचं, पण तू दिवसभर करतोयस तसं. तो नियम इनबॉक्स, म्हणजे सुचलेलं सगळं आधी टाकायची जागा, उपसत असतानाचा आहे. लिहित बसलेला असताना मध्येच आठवलं म्हणून उठून दोन मिनिटांचं काम करायला गेलास की परत लिखाणात शिरायला त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो. आठवलं की इनबॉक्समध्ये टाक आणि लिहित राहा.

ऑफिसचं सॉफ्टवेअर जोडू नकोस. तिथली तिकिटं, म्हणजे कामांच्या नोंदी, टीमची आहेत, त्यांची नावं, तारखा दुसरे लोक बदलतात, आणि ते सगळं आपोआप तुझ्या यादीत ओतायला लागलं की महिन्याभरात परत तुझा यादीवरचा विश्वास जाणार. त्यापेक्षा सकाळी पाच मिनिटं ऑफिसचं बघ आणि आज ज्याला हात लावणार आहेस त्या दोन-तीनच गोष्टींचं पुढचं पाऊल स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत टाइप कर. टाइप करतानाच कळतं आपल्याला काम कळलंय की नाही. प्रीमियमचं म्हणशील तर सध्या नको, तुला हवं ते सगळं फुकटात आहे. तीन महिन्यांनी एखादी गोष्ट रोज अडतेय असं दिसलं तर तेवढ्यासाठी घे.

आता या ४१२ चं काय. रविवारचे जे दोन तास तू रंग लावण्यात घालवतोस ते या रविवारी मला दे. फोन सायलेंट, लॅपटॉपवर बस. सगळी टास्क सिलेक्ट करून सगळ्यांच्या तारखा काढून टाक. हो, सगळ्यांच्या, पण त्याआधी एका कागदावर वर सांगितलेल्या नियमात बसणाऱ्या तेवढ्याच उतरवून घे, माझा अंदाज आहे पंधराच्या वर जाणार नाहीत. तेवढ्या परत घाल. लाल रंग गेल्यावर थोडं घाबरल्यासारखं होईल, होऊ दे. मग उरलेल्या सगळ्या एका 'जुनं' नावाच्या प्रोजेक्टमध्ये टाक आणि वरून खाली वाचत जा, एकेकावर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नाही: मेलेलं असेल तर डिलीट, स्वप्न असेल तर 'कधीतरी', दुसऱ्याकडे असेल तर 'वाट बघतोय', आणि खरंच करायचं असेल तर क्रियापद लावून पुढचं पाऊल. दोन तासांत संपलं नाही तर सोडून दे, उरलेलं 'जुनं'मध्ये सुरक्षित आहे, पुढच्या आठवड्यात वीस ओळी बघ. 'आईचे डोळे' मात्र सगळ्यात पहिले घे, आणि तो फोन तिथेच बसून कर, यादी थांबेल.

त्यानंतर दर आठवड्याला एक तास, शक्यतो शुक्रवारी दुपारी कारण लोक अजून कामावर असतात आणि काही राहिलेलं दिसलं तर विचारता येतं. रविवारी तू एकटाच असतोस, बघून नुसती चिंता वाढते. इनबॉक्स रिकामा करायचा, मागच्या आणि पुढच्या दोन आठवड्यांचं कॅलेंडर वाचायचं, प्रोजेक्ट एकेक करून बघायचे की प्रत्येकाला पुढचं पाऊल आहे ना, 'वाट बघतोय'मधल्या लोकांना आठवण करायची. याला वीकली रिव्ह्यू म्हणतात आणि बहुतेकांचं जीटीडी इथेच सुटतं, कारण यादी कितीही सुंदर असली तरी आठवडाभरात जग बदलतं आणि यादी तशीच राहते. एखादा आठवडा चुकला तर पुढच्या शुक्रवारी बस, मागचा भरून काढायच्या फंदात पडू नकोस.

ही पद्धत तुझ्यासारख्यासाठी नाही का असं विचारलंयस. मला वाटतं ती तुझ्यासारख्यासाठीच आहे, दिलेला शब्द मोडला म्हणून आठवडाभर ज्याला चैन पडत नाही अशा माणसासाठी. त्या सहकाऱ्याला भेटून एकदा नीट सांग की चूक माझी होती, आणि पुढच्या वेळी असं अडकलास तर त्याच दिवशी मला विचार. हे पण पुढचं पाऊलच आहे, उद्या सकाळच्या यादीत लिही. आणि आईला फोन झाला की मला दोन ओळी कळव, कागद सापडला का.